मानाप्रमाणे पासवर्ड

पलूसच्या बौद्धवस्तीतल्या धनाजी बनसोड्यांची थोरली मुलगी दीपमाला एका जागी बूड टेकणारी पोर नव्हतीच. जेवताना मांडी हलव, अभ्यास करताना चटईच्या काड्या उपट, झोपेतही बोटं चाळव. आई येसूबाई वैतागून म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय आन् बोटांत किडं." बारावीनंतर टायपिंगच्या क्लासला घातलं, तेव्हा कुठं त्या बोटांना धंदा मिळाला. मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा तिनं पहिल्या फटक्यात काढल्या. मग सांगलीला कॉम्प्युटरचा कोर्स. सकाळची एसटी, दुपारची एसटी, आणि उभ्यानं प्रवास करताना पर्सवर चालणारी बोटं. कंडक्टरला वाटायचं पोरगी जप करते. जप कसला, ती समोरच्या पाट्या टाइप करत असायची.

सत्त्याण्णव साली तिला नोकरी लागली. तासगाव रस्त्याला द्राक्षबागायतदारांनी मिळून कोल्ड स्टोअरेज काढलं होतं. शेडवर वाळवलेला बेदाणा बॉक्समध्ये भरून तिथं गारव्याला ठेवायचा आणि सौद्यात मनासारखा दर आला की काढायचा, असा तो कारभार. सगळे त्याला नुसतं 'कोल्ड' म्हणायचे. कोल्डला तीन कॉम्प्युटर आले, एक खडखड करणारा प्रिंटर आला, आणि ऑपरेटर म्हणून दीपमाला आली.

आता खरा घोळ कुठं झाला, ते सांगायला पाहिजे. सांगलीहून प्रोग्राम बसवायला आलेला माणूस मॅनेजर आप्पासोंना म्हणाला, "साहेब, कुणाला कसला अधिकार द्यायचा ते ठरवून द्या. आलेल्या मालाची आवक कोण टाकणार, जावक कोण सोडणार. शेतकऱ्यानं माल थांबवायला सांगितला तर त्याच्यावर होल्ड कोण लावणार आणि कोण उठवणार. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. ज्याचा त्याचा पासवर्ड ज्यानं त्यानं ठेवायचा."

आप्पासोंनी यातला एकच शब्द ऐकला, अधिकार. गावच्या यात्रा कमिटीत त्यांची हयात गेलेली. पालखीला पहिला खांदा कुणाचा, नारळ कुणाच्या हातात, फेटा आधी कुणाला, यात एक जरी इकडचं तिकडं झालं तरी भावकीत वर्षभर बोलचाल बंद होते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी कॉम्प्युटरचे अधिकारही तसेच वाटले. चेअरमन सांगलीत राहायचे, मीटिंगपुरते यायचे, त्यांना सगळे अधिकार. व्हाइस चेअरमनना त्याहून जरासे कमी, म्हणजे चेअरमनचं मन राखलं. स्वतःला सगळे. स्टोअरकीपर नानासोंना आवक, जावक आणि होल्ड. चेअरमनचा मेव्हणा जनरेटर बघायचा, त्यालाही जावक, कारण त्याला वगळलं असतं तर तो रुसला असता.

"आणि ऑपरेटरला?" प्रोग्रामवाल्यानं विचारलं.

"तिला काय करायचाय अधिकार? मशीन तिच्याच हातात हाय की," आप्पासो म्हणाले. "बघायचा द्या."

तो माणूस काहीतरी बोलणार होता, पण त्याची पाचची गाडी होती. दीपमालाच्या नावापुढं लागलं 'फक्त पाहणे'.

दुसऱ्याच दिवसापासून मानकरी अडले. चेअरमनना वेळ नाही, आप्पासोंना चष्मा सापडत नाही, नानासो म्हणतात, "आमाला त्यातलं काय कळतंय, पोरी, तूच टाक." आणि ज्यानं त्यानं आपापला पासवर्ड तिला सांगून टाकला. कुणी ओरडून, कुणी कानात. चेअरमनच्या बैलाचं नाव तिला कळलं, नानासोंच्या नातीचं, सोनमचं, कळलं. आप्पासो तेवढे सुरक्षेच्या बाबतीत कडक. दर महिन्याला पासवर्ड बदलायचे आणि बदलून पुन्हा तिलाच सांगायचे.

अशी दीड-दोन वर्षं गेली. सकाळी ती नानासो व्हायची, दुपारी आप्पासो, मीटिंगच्या दिवशी चेअरमन. सगळं कोल्ड तिच्या बोटांवर चालायचं आणि कॉम्प्युटरमध्ये तिच्या नावानं एक अक्षर नव्हतं. तिला ते टोचायचं. एकदा तिनं आप्पासोंना म्हटलंही, "साहेब, माझ्या नावाला आवक-जावक द्या ना. उद्या काही झालं तर?"

"काय होतंय? सगळी घरचीच माणसं हाईत."

ती गप्प बसली, म्हणजे तोंडानं. पाय टेबलाखाली हलतच राहिले.

नानासो मात्र माणूस मायेचा. साठीकडं झुकलेला, धोतर-टोपीतला, भावकीनं पाटील, पण तिच्याशी बोलताना आवाज चढवायचा नाही. मालाची त्यांना भारी जाण. बेदाणा मुठीत दाबून ते सांगायचे, हा कुठल्या शेडचा आणि कधी वाळायला पडलेला. ती टाइप करायला लागली की खुर्चीमागं उभं राहून बघत बसायचे. "बोटं हाईत का काय हाय," म्हणायचे. दीपमालाला आवडायचं ते. घरी बाप तिला असं कधी बोलला नव्हता.

एप्रिलात हरणाबाई आली. कवठेमहांकाळच्याही पलीकडं, दुष्काळी भागातली धनगराची बाई. मेंढरं विकून तिनं बोअर पाडली होती, एकरभर बाग उभी केली होती आणि आयुष्यातला पहिला बेदाणा कोल्डला आणून ठेवला होता. तासगावचा व्यापारी कृष्णात तो माल घ्यायला तिच्या मागं लागला होता. त्यानं ऐंशीदा विचारलं, हिनं एकदा "बघू" म्हटलं. मग सौद्यात दर चढतोय असं कानावर आलं तशी ती थेट कोल्डला आली.

"म्या सोता येस्तवर माझा एक बॉक्स हलवायचा न्हाई. कोण का येईना."

दीपमालानं नानासोंच्या नावानं होल्ड लावला, पडदा फिरवून हरणाबाईला दाखवला. बाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं नीट बघून घेतलं.

आणि आठवडाभरात तिचा माल गेला.

कृष्णातच्या टेंपोत चढला, तासगावला गेला. हरणाबाई आली तेव्हा तिच्या रॅकवर मोकळ्या फळ्या. कॉम्प्युटर काय म्हणतो? होल्ड उठवला नानासोंनी, जावक सोडली नानासोंनी, दुपारच्या सुट्टीत. नानासो म्हणाले, "आवं, मला त्या मशीनचं तोंड कुटं आन् शेपूट कुटं ते ठावं न्हाई. मी तर पानाला गेल्तो." आणि हे सगळ्यांना पटलं, कारण नानासोंना कॉम्प्युटरला हात लावताना कुणी कधी बघितलंच नव्हतं. मग उरलं कोण? पासवर्ड कुणाला ठाऊक? दुपारच्या सुट्टीत एकटी मागं लिंबाखाली डबा खात बसते कोण? दीपमालाच्या अंगचा गुण तिच्या गळ्याशी आला, आणि नानासोंचं अडाणीपण त्यांच्या पाठीशी उभं राहिलं.

कुणी तोंडावर बोललं नाही. कोपऱ्यात बोलले. "कृष्णातनं दिलं आसंल काईतरी." "वस्तीतली पोर, बसवली डोक्यावर." हे शब्द तिच्या कानापर्यंत येतील एवढ्याच आवाजात बोलले गेले. हरणाबाई तेवढी सरळ. तिनं व्हरांड्यात घोंगडं टाकलं, काठी आडवी ठेवली आणि येता-जाता विचारायची, "पोरी, का गं इकलास माझा माल?"

"मी नाही सोडला, मावशी."

"मग तुझं भूत आल्तं का?"

आप्पासो म्हणाले, "चेअरमन शुक्रवारी येतायत. तवा तुझं काय ते बघू. राजीनामा लिहून ठेव, म्हंजी पोलिसांपर्यंत जायला नको." आणि त्याच दमात म्हणाले, "तवर आवक तेवढी टाकत जा. माल थटलाय."

म्हणजे बघा. चोर ठरवायची तीही हीच, आणि चोरानंच कुलूप लावायचं तेही हिनंच. दीपमालाचं डोकं फिरायचं तेवढं राहिलं. ती घरी गेली तर आईनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई," आणि वस्तीपासून स्टँडपर्यंत, स्टँडपासून वस्तीपर्यंत फेऱ्या घालत सुटली. तिला नोकरी जायची भीती होतीच. घरात नेमानं येणारा पगार तिचाच होता, धाकटा मिलिंद अजून शाळेत. पण त्याहून जास्त ती एका गोष्टीनं पोळत होती. पलूसच्या बाजारात उद्या लोक बापाकडं बोट करून म्हणतील, ह्याची पोर चोर निघाली. बाप गवंडीकाम करायचा, आणि मालकानं विसरलेली पानतंबाखूची डबीसुद्धा परत नेऊन द्यायचा. त्याच्यापुढं ती कुठल्या तोंडानं उभी राहणार? राग इतका आला होता की रडूही येईना.

गुरुवारी सकाळी ती कामावर आली ती ठरवूनच.

"साहेब, आजपासून मी कुणाच्या नावानं काही टाकणार नाही. माझ्या नावाला फक्त बघायचा अधिकार हाय. मी बघत बसते."

आप्पासो हसले. मग त्यांना कळलं की ही खरंच बोलतेय. "डोकंबिकं फिरलं का?"

"नानांचं काम नानांनी टाकावं. तुमचं तुम्ही. मी शिकवते, पायजे तर."

आणि ती खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. पण उभं राहणं हे तिला कधी जमलंय? बोटं खिडकीच्या गजावर चालू. बाहेर ट्रॅक्टर येऊन लागत होते. भानगड झाल्यावर चेअरमननी फोनवरून बजावलं होतं, कॉम्प्युटरची पावती निघाल्याशिवाय एक बॉक्स आत-बाहेर होता कामा नये. जनरेटरवाला मेव्हणा दाराशी खुर्ची टाकून बसला होता, खास त्यासाठीच. आप्पासोंनी स्वतः एकदा प्रयत्न केला. पासवर्ड तीनदा चुकला, मशीननं त्यांना बाहेर काढलं. दुपारपर्यंत ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली. शेतकरी आत येऊन बोंबलून जायचे, आप्पासो त्यांना चहा पाजायचे.

तीनच्या सुमाराला उजेड बदलला. दीपमालानं खिडकीतून पाहिलं. विट्याच्या अंगाला आभाळ काळंनिळं भरून आलं होतं आणि वारा रस्त्यावरची धूळ उचलून ट्रॉल्यांवर टाकत होता. वळवाचा पाऊस. बेदाणा भिजला की काळा पडतो, चिकटतो, मग त्याला कुत्रं विचारत नाही. वर्षभराची बाग त्या खोक्यांत होती आणि ताडपत्र्या कुणाकडं होत्या, कुणाकडं नव्हत्या.

पळापळ सुरू झाली. एक शेतकरी आत आला, दीपमालाच्या पुढं हात जोडून उभा राहिला. "ताई, तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझा माल भिजंल ओ." तिच्या बापाएवढा माणूस.  ती खुर्चीकडं गेली. नानासोंचं नाव, सोनमचं नाव, दोन आकडे, झालं. डोळे मिटून टाकलं असतं तिनं. बोटं कळांवर ठेवली सुद्धा.

मग तिला वाटलं, हे टाकलं की संपलं. उद्या चेअरमन विचारतील, काल नानासोंच्या नावानं आवक कुणी टाकली? आणि आपल्याला सांगावं लागेल, मीच. म्हणजे हरणाबाईच्या मालाची जावकही मीच.

तिनं हात काढून घेतले. "नाना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तुमचं नाव हाय. तुमीच टाका. मला नका सांगू."

नानासो दाराशी उभे होते. ते एकदा बाहेर बघत होते, एकदा तिच्याकडं. पहिला मोठा थेंब व्हरांड्याच्या पत्र्यावर वाजला. बाहेर कुणीतरी स्वतःच्या अंगातला सदरा काढून बॉक्सवर टाकला. नानासोंच्या तोंडावर काय आलं ते दीपमालानं पाहिलं. शेतात उभं पीक जळताना बघणाऱ्या माणसाचं तोंड होतं ते.

"सरक," ते म्हणाले.

ते खुर्चीत बसले. टोपी मागं सारली. आणि एका बोटानं, उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं, स्वतःचं नाव टाकलं. अक्षर शोधायला लागलं नाही. पासवर्ड टाकला. आवकचा आकडा दाबला, शेतकऱ्याचं नाव विचारून टाकलं, बॉक्स विचारून टाकले, प्रिंटरला हुकूम सोडला. प्रिंटर खडखडला. पावती निघाली. हमालांनी पहिली ट्रॉली मोकळी करायला घेतली.

"फुडचा कोण?" नानासो म्हणाले.

दुसरी निघाली. तिसरी निघाली. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की खोलीत कुणी बोलत नाही. आप्पासो चहाचा कप हातात धरून तसेच उभे होते. हरणाबाई काठी घेऊन दारात आली होती. नानासोंचं बोट क्षणभर वरच्या वर थांबलं. त्यांनी दीपमालाकडं बघितलं, आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं होतं, आणि तिलाही कळलं होतं. बाहेर पाऊस धरला होता. त्यांनी मान खाली घातली आणि चौथी टाकायला घेतली. एकामागून एक, शेवटच्या ट्रॉलीपर्यंत, ते टाकत राहिले. कुणी त्यांना थांबवलं नाही आणि तेही उठले नाहीत.

सगळा माल आत गेल्यावर ते खुर्चीतच वळले.

"व्हय, हरणाबाई. म्याच उठवला होल्ड. कृष्णात माझा यवाई हाय. पोरगी त्याच्या घरात दिलीया. म्हणला, बाई 'बघू' म्हणलीया, म्हंजी यवहार झालाच, नुस्तं आडकवून बसू नका. लय मागं लागला. मला न्हाई म्हणवलं न्हाई." मग दीपमालाकडं न बघता म्हणाले, "तुझ्या मागं हुबं ऱ्हाऊन शिकलो. कुणाला सांगितलं न्हाई. वाटलं, म्हातारपणी लोक हसतील."

दीपमालाला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ज्या माणसाची माया वाटायची, तोच आठवडाभर तिला जळताना बघत समोर पान खात बसला होता, हे तिला त्याच्या चोरीपेक्षा जास्त लागलं.

"नाना, माझी नोकरी चालली होती," ती म्हणाली. "तुमाला दिसत होतं."

नानासोंनी मागं सारलेली टोपी पुढं ओढली.

आप्पासोंनी घसा साफ केला. "झालं ते झालं. वडीलधारं माणूस हाय, चूक झाली. माल कृष्णातच्या गोडाऊनलाच हाय अजून, उद्या टेंपो धाडून परत आणू. चेअरमनच्या कानावर घालायची गरज न्हाई. काय, दीपमाला? बस आता जाग्यावर. माझा पासवर्ड बदललाय, सांगून ठेवतो."

दीपमाला त्यांच्याकडं बघतच राहिली. तेच काम, तोच माल, तोच कॉम्प्युटर. हिनं केलं असं वाटत होतं तोवर ती चोरी होती आणि राजीनामा होता. नानासोंनी केलं तशी ती चूक झाली. आठवडाभरात एकाच्याही तोंडून तिच्याबद्दल 'चुकली असंल पोर' निघालं नव्हतं.

"नका सांगू," ती म्हणाली. "मला तुमचा पासवर्ड नको. कुणाचाच नको. आधी सांगलीच्या त्या माणसाला बोलवा. माझ्या नावाला माझ्या कामाचे अधिकार लावा, आणि जे मशीनला हात लावत नाहीत त्यांचे काढा. तसं नसेल तर राजीनामा लिहिलेलाच हाय, तो घ्या. आणि चेअरमनना उद्या मीच सांगणार, सगळं."

"आगं, चेअरमनचे अधिकार काढायचे? मेव्हण्याचे? लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणाले ते ऐकलंत की तुम्ही."

शुक्रवारी चेअरमन आले, तिनं सांगितलं. फार काही झालं नाही. नानासो आपणहून घरी बसले. मेव्हणा रुसला, आणि त्याची समजूत आप्पासोंनी काढली. सोमवारी सांगलीचा माणूस आला आणि या वेळी त्याला परतीची घाई नव्हती. त्याच दिवशी हरणाबाईचा बेदाणा टेंपोतून परत आला. बाईनं एकेक बॉक्स हात लावून बघितला, मग आत येऊन टेबलापुढं उभी राहिली. तिनं दीपमालाची माफी मागितली नाही, आणि दीपमालानंही त्याची वाट बघितली नव्हती.

"होल्ड लावलास?" तिनं विचारलं.

"लावला, मावशी."

"पडदा फिरीव बघू."

दीपमालानं पडदा फिरवला. हरणाबाईनं काठीवर दोन्ही हात ठेवून नीट बघितलं, अक्षर कळत नव्हतं तरी.

"आता कुणाच्या नावानं?"

दीपमालाचे पाय टेबलाखाली हलत होते. "माझ्या," ती म्हणाली.